मारुतीला विचारलेले स्कॉटलंड

“सरी, बरं, देवाला विचारून सांगते,” असे म्हणत पदर खोचणारी एखादी अक्का आपणही पाहिली असेल. बेंगळुरूजवळच्या आमच्या येलहंक्यातली अक्का कुकर घेण्यापूर्वीसुद्धा मारुतीला कौल लावीत असे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवायची. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. एकदा दोन्ही पडेनात, तेव्हा तिने मारुतीलाच बजावले, “स्वल्प लवकर रे बाबा, दूध उतू जाईल.” शेजारी बसलेल्या माझा जप तिथेच चुकला.

तिची एकुलती लेक स्कॉटलंडमध्ये नोकरीला. ब्रिटनपासून वेगळे व्हावे काय, यावर तिथे सार्वमत ठरले आणि रहिवासी म्हणून लेकीलाही मत मिळाले. देश वेगळा झाला तर तिची कचेरी तिथून हलणार आणि ती बेंगळुरूला परतणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. लेकीचे मन मात्र ठरेना. ती म्हणाली, मारुती सांगेल तसे.

कौल लावायच्या सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. फुलवालीने फुलांचे पैसे घेतले नाहीत. रिक्षावाल्याने शंका काढली, तिकडचे मारुतीला काय कळणार?

“समुद्र ओलांडायची त्याला सवय आहे,” अक्का म्हणाली.

मी मूर्तीसमोर फोन धरला. पलीकडे लेक पाहत होती. उजवे फूल टपकन पडले आणि घंटांच्या गजरात तिचे बोलणे कोणालाच ऐकू आले नाही. अक्काने दुपारीच लेकीची खोली धुऊन काढली.

देश वेगळा झाला नाही. निकालानंतर लेकीचा फोन आला. आपण वेगळे होण्याविरुद्धच मत दिले, असे ती सांगत होती. फूल डावीकडे पडलेले तिने स्वतः पाहिले होते. समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला देवाची उजवी बाजू येते, हे इतक्या वर्षांत ती विसरली होती.

मी तोंड उघडणार, तोच अक्काने फोनवर हात ठेवला. “सांगू नका, अण्णा. जन्मभर हळहळेल.” मग हात काढून लेकीला म्हणाली, “बरोबर केलंस गं.”

एका मताने देश फुटत नसतो, असे मी नंतर अक्काला समजावले. देवापुढे एक फूल पुरते की, म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसत सुटली.

पुढच्याच वर्षी तिने पासपोर्ट काढला. विमानतळाच्या दारात चटणीपुडीचा डबा पोटाशी धरून ती मागे वळली.

“एवढा मोठा देश तसाच राहिलाय, अण्णा. माझ्यापुरती जागा निघेलच.”