एकनाथअण्णांचे चारशे बुश

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एकनाथअण्णांच्या लेथवरचे चारशे बुश मी नापास केले, तेव्हा ते बरोबर होते आणि मला ते माहीत होतं.

बुश म्हणजे पोलादाची आखूड नळी. तिचं भोक नेमक्या मापाचं असावं लागतं. अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम माझ्याकडे आहे, आणि अण्णा आम्हाला हे बुश करून देत. मागच्या गल्लीत त्यांचा एक गाळा होता. त्यात दोन लेथ आणि ते एकटे. पहिल्यांदा गेलो तेव्हा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवून, मूठ कानाशी धरून ते डोळे मिटून उभे होते. मी दोनदा हाक मारली. त्यांनी हातानेच थांबवलं. मग म्हणाले, "बेअरिंग कुरकुरतंय. आज नाय, पण चार-सहा महिन्यांत जाणार. बसा भाऊसाहेब."

मी पंधरा वर्षांनी लहान, तरी त्यांचा कायम भाऊसाहेबच. निफाडकडच्या खेड्यातून ते विशीच्या आत इथे आले, बोली मात्र तिकडचीच राहिली. "लोखंडाला घाई कळते," म्हणायचे. "तुम्ही घाई केली का ते लगेच वाकडं बघतं." एकदा मी चहाचा ग्लास लेथवर टेकवला. त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. "सासऱ्याच्या डोक्यावर ठेवला असता का?"

त्यांच्या मालावर बोट ठेवायला मला सहा वर्षांत जागा सापडली नव्हती.

मग मंदी आली. आमच्याकडे ती आधी चहावाल्याला कळते. मोठी किटली सोडून तो थर्मास घेऊन यायला लागला. गाड्या खपेनात, म्हणून आमच्या तीन पाळ्यांची एक झाली, आणि अण्णांच्या गल्लीत खोकीवाल्याचं, प्लेटिंगवाल्याचं शटर खाली आलं. अण्णा म्हणायचे, "दम धरायचा. दिवाळीपर्यंत धकतंय."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बुश आता लागत नाहीत. पण ऑर्डर रद्द केली तर तयार माल घ्यावा लागेल. क्वालिटीवर नापास करा." मग हसून म्हणाले, "तुमच्या खात्यातही माणसं जरा जास्तच आहेत, नाही का?" माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. कारण म्हणून सांगत नाही. ती त्या क्षणी डोळ्यांसमोर आली, एवढंच.

रिपोर्टात मी भोक वीस मायक्रॉनने मोठं लिहिलं. केसाच्या जाडीहून कमीच.

अण्णा आले. ते भांडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"माझं मापाचं गेज तर बरोबर म्हणत होतं."

"झिजलं असेल, अण्णा. जुनं आहे ना."

हे वाक्य मला साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

"असल," ते म्हणाले. "कंपनीचं गेज कशाला खोटं बोलंल?"

अंबडच्या छोट्या गाळ्यांतून हा नियमच आहे. कंपनीच्या मापापुढे आपलं माप बोलत नाही. दुसरीकडे तपासून आणावं, असं अण्णांच्या मनातही आलं नाही. माल भंगारात घातला, त्यावर ते गेजही टाकून दिलं. पुढे किरकोळ कामं मिळायची, पण एकेक नग ते चार-चार वेळा मोजत बसत. दिलेला शब्द पाळला जाईना. गिऱ्हाईक तुटलं. दिवाळीनंतर दोन्ही लेथ विकले.

मंदी वर्षभराने ओसरली. त्या गल्लीतले दोन गाळे पुन्हा उघडले. त्यात अण्णांचा नव्हता. त्यांनी सिडकोत पिठाची गिरणी टाकली आहे. वाटेतल्या तीन गिरण्या सोडून मी तिथे दळण नेतो.

"तुमच्या कॉलनीत गिरणी नाय का हो?"

"तुमचं पीठ चांगलं असतं."

"आपलं काय त्यात? बटन दाबायचं."

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका प्रशिक्षण केंद्राला लेथ शिकवायला जुना कारागीर हवा होता. मी अण्णांचं नाव सुचवलं. खरं न बोलता थोडं फेडता येईल, असा हिशेब होता माझा. अण्णांनी हातावरचं पीठ झटकलं. क्षणभर चेहरा उजळला, मग मान हलली.

"नको भाऊसाहेब. हात गेला माझा, तुम्हीच तर पाहिलं ना. पोरांना चुकीचं माप शिकवू का?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी डबा उचलून घरी आलो.

खरं सांगितलं तर ते चिडतील, याची मला भीती नाही. "जाऊ द्या भाऊसाहेब," म्हणून ते माझं दळण लावतील, याची आहे. केंद्रातली जागा अजून रिकामी आहे. मी कालच विचारलं. गिरणीत रांग असताना, चार माणसांसमोर, त्यांचा हात कधीच चुकला नव्हता आणि मी खोटं लिहिलं, हे सांगणं मी अण्णांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.