पाचचा भोंगा

पाकिस्तानने अणुबॉम्ब केला म्हणे, ही बातमी पांढुर्ण्यात पोचली आणि सगळ्यात आधी दादारावच्या डोक्याला ताप झाला. बॉम्ब कुणी केला, कुणावर टाकणार, ते दिल्लीवाल्यांनी पाहावं. पण सत्त्याऐंशीच्या त्या मार्चात जो तो उठायचा आणि जिनिंगच्या फाटकाशी येऊन त्यालाच विचारायचा, "काहो दादाराव, भोंगा बराबर वाजते ना?" जसं काही विमान निघायच्या आधी पाकिस्तानवाले दादारावला तार करणार होते.

दादाराव केशवरावांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चौकीदार होता. एकाहत्तरच्या लढाईत मालकांनी हाताने फिरवायचा एक भोंगा आणून कापसाच्या गोदामाच्या गच्चीवर बसवला. लढाई पंधरा दिवसांत आटोपली, भोंगा एकदाही कामी आला नाही. आणलाच आहे तर वाजू दे, म्हणून तो दिवसातून तीनदा वाजू लागला. आठ, बारा आणि पाच. सोळा वर्षं दादाराव रेडिओच्या ठोक्यावर मनगटातलं घड्याळ लावत आला होता, आणि घड्याळ पाहिल्याशिवाय त्याने कधी दांड्याला हात लावला नाही.

भोंग्याचा आवाज जाम नदी ओलांडून सावरगावकडच्या संत्र्याच्या बागांपर्यंत जायचा. बागेत संत्री तोडणाऱ्या बायांपैकी एकीकडेही घड्याळ नव्हतं. आठच्या भोंग्याला कामाला लागायचं, पाचच्या भोंग्याला टोपली खाली ठेवायची, अशी रीतच पडली होती. मालक असो की मुकादम, त्यात कुणी तोंड घालत नसे.

त्या बायांत दादारावची यमुना होती. लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. प्रतिभा तिचं नाव, आठ महिन्यांची. दुपारच्या सुट्टीत यमुना धावत घरी येऊन तिला पाजून जायची आणि साडेपाचला परत यायची. मधल्या वेळात पोरगी जिनिंगच्या भिंतीला लागून राहणाऱ्या इंदूकडे असायची.

आता केशवरावांनी बचाव समिती काढली. अध्यक्ष ते स्वतः, आणि सभासद सगळे बागवाले, वर तोंडी लावायला दोन किराणावाले. जिनिंगच्या आवारात मजुरांकडून खंदक खणून घेतला आणि त्यात अध्यक्षांची खुर्ची मावते की नाही, हे पहिल्यांदा पाहिलं. मग ठराव झाला की भोंगा यापुढे फक्त धोक्याच्या वेळी वाजेल. रोज रोज वाजला तर लोकांना सवय होईल आणि खऱ्या बॉम्बच्या दिवशी कुणी लक्षच देणार नाही.

"पन मालक, धोका आला हे मले कोन सांगन?" दादारावने विचारलं.

"समिती सांगन."

"अन् समितीले?"

"रेडिओ सांगन."

"अन् रेडिओच्या आंधी बॉम्बच येऊन पडला तं?"

"दादाराव, लय शहाणपना नोको शिकवू."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरसाल नदीवर गोटे मारून आपलेच लोक आपल्याच लोकांची डोकी फोडतात, तेव्हा बरी यांना कधी समिती सुचली नाही, हे दादारावच्या अगदी जिभेवर आलं होतं.

पहिल्या दिवशी यमुना अंधार पडल्यावर घरी आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पदर दुधाने भिजलेला, आणि तिकडे पोरगी रडून रडून इंदूच्या मांडीवर झोपून गेलेली. इंदू बिचारी साखरपाणी पाजून पाजून थकली होती.

"अवो, पाच वाजून कवाचे होऊन जाते," यमुना भडकली. "पन भगवंतराव मुकादम खिशातून घड्याळ काढते, आपलं आपनच पाहते अन् म्हनते, अजून येळ हाय. सूर्य बुडून राहिला तरी याची येळच हाय! कोनाले इचारावं आमी?"

दादारावचं पित्त खवळलं. बॉम्ब पडायचा तेव्हा पडेल, इथे त्याच्या नावावर बायांचा रोज तास-दीड तास फुकट चालला होता, आणि तास कुणाचा गेला याची गावात कुणाला शुद्ध नव्हती. सगळे बघत होते आभाळाकडे. तो सकाळी केशवरावांकडे गेला आणि फक्त पाचचा भोंगा तरी वाजवू द्या, म्हणून हात जोडले.

"देशावर संकट येऊन राहिलं," केशवराव म्हणाले, "अन् तुले बायको घरी कवा येते याची पडली?"

"हो मालक, पडली," असं दादाराव म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं, ही चुटपुट त्याला दिवसभर लागून राहिली.

त्या दिवशी साडेचारपासूनच प्रतिभा रडत होती. भिंतीपलीकडून तिचं रडणं फाटकाशी ऐकू येत होतं. आधी मोठ्याने, मग घसा बसल्यासारखं. दादाराव खुर्चीवरून उठला, बसला, पुन्हा उठला. त्याने मनगटाकडे पाहिलं. पाच वाजायला दोन मिनिटं होती. तो जिना चढला, घड्याळावर नजर ठेवून दांड्यापाशी उभा राहिला आणि ठीक पाचला त्याने भोंगा फिरवला. एरवीइतकाच, एक क्षण जास्त नाही.

मग पांढुर्ण्यात जो गोंधळ उडाला तो विचारू नका. किराणावाला तराजूत डाळ तशीच टाकून पळाला. दुकानांची दारं धडाधड लागली. खंदकात केशवराव उतरले, त्यांच्यावर समितीचे दोन सभासद पडले, आणि खुर्ची तेवढी वर राहिली. अर्ध्या तासाने अंगभर माती घेऊन मालक बाहेर आले तेव्हा दादाराव फाटकाशी आपल्या जागेवर उभा होता.

"कुठं हाय धोका?" ते ओरडले.

"पाच वाजले होते, मालक."

दादारावची नोकरी तिथेच संपली.

घरी आला तर यमुना उजेडात दारात बसली होती आणि पोरगी पोटभर पीत होती. यमुनाला हसू आवरत नव्हतं. भोंगा झाल्याबरोबर भगवंतराव संत्र्याच्या झाडाखाली पालथा पडला होता म्हणे. बायांनी टोपल्या खाली ठेवल्या, पदर झटकले आणि त्याला वळसा घालून सगळ्या घराकडे निघाल्या. नोकरी गेल्याचं ऐकल्यावर मात्र तिचं हसू थांबलं.

"मंग उद्या कोन वाजवन?"

दादारावने मनगटातलं घड्याळ सोडून तिच्या हातात बांधलं.

"मले कुठी समजते?"

"समजाचं काय त्यात? लहान काटा इथी आला का उठाचं. कोनाले इचाराचं नाई."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही. दादाराव पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला. सोळा वर्षं अख्ख्या गावाला वेळ सांगितली आणि आता स्वतःला किती वाजले तेही कळेना, याचा त्याला भयंकर संताप येत होता. पोरगी कुरकुरू लागली तशी तो उठून येरझारा घालू लागला. तेवढ्यात नदीकडच्या रस्त्याला धूळ दिसली. पुढे यमुना होती आणि मागे बागेतल्या सगळ्या बाया, चांगल्या लख्ख उन्हात.

म्हणजे साडेपाच झाले होते.