तीन दिवसांचा नवरंग

आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर आयर्लंडच्या होत्या आणि ऑक्टोबर लागला की त्यांना घरची आठवण येई. तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण त्या महिन्यात त्या आमचा वर्ग शाळेमागच्या बदामाच्या झाडाखाली घ्यायच्या. सिंगापूरला पानगळ नसते. हे एकच झाड आपल्या लहरीनं लाल व्हायचं. खाली पडलेलं पान उचलून सिस्टर म्हणायच्या, "देवानं आपल्याला एवढंच ऑटम दिलंय, मुलींनो. पुरवून पुरवून बघा."

मग त्या त्यांच्याकडच्या संतांच्या गोष्टी सांगत. एका संताच्या पसरलेल्या तळहातात पक्षिणीनं अंडी घातली, तर पिल्लं उडून जाईपर्यंत त्यानं हात हलवला नाही. दुसरा आपला देश सोडून दूरच्या बेटावर राहिलेला. त्यानं एकदा शिष्याला सांगितलं, "परवा आपल्या देशाकडून एक क्रौंच उडत येईल आणि दमून इथल्या किनाऱ्यावर पडेल. त्याला उचलून घरात ने, तीन दिवस खाऊपिऊ घाल. मग तो आपला परत जाईल." आणि तसंच झालं.

मी चौदा वर्षांची होते. वर्गात तोंड उघडत नसे. पण ही गोष्ट मला इतकी खरी वाटली की त्यानंतर मी बसच्या खिडकीतूनही आकाशाकडे बघत राहायची. घरी आई आरती म्हणायची तेव्हा मला असं काही होत नसे. आमचे देव मला फक्त उकाड्याचे वाटत.

उकाड्याचे, कारण नवरात्रात आई आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये घट बसवायची आणि अखंड दिवा विझू नये म्हणून हॉलमधला पंखा नऊ दिवस बंद असायचा. बाबा मरीन इंजिनिअर, कायम जहाजावर. घामाघूम होऊन कुरकुरायला मी एकटीच.

त्या वर्षी तिसऱ्या माळेच्या सकाळी मी शाळेला निघाले, तर दारासमोर कॉरिडॉरमध्ये एक पक्षी पडला होता. काचेवर आपटला असावा. हिरवी पाठ, निळे पंख, पोटाखाली लाल. चोच उघडी होती आणि छाती धडधडत होती. मला तेव्हा संत आठवायला हवा होता. मला बस आठवली. मी त्याला ओलांडून गेले.

दुपारी परत आले तर तो घटाशेजारी, माझ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात बसला होता.

"हा आमच्याकडचा नवरंगच की गं," आई म्हणाली. "पावसाच्या तोंडाला माझ्या माहेरी यायचा. हा इतक्या लांब कुठे आला धडपडायला?"

"आई, देवीजवळ शू बॉक्स?"

"पंखा बंद असलेली शांत जागा घरात एवढीच आहे. देवीला चालतंय. तू आधी पाय धू."

त्यानं भात खाल्ला नाही, शिजवलेली डाळ खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गातल्या दोघींबरोबर बस स्टॉपवरून येत होते. आमच्या ब्लॉकखालच्या फुलझाडांच्या वाफ्यात, घरातल्या गाउनवर टॉवेल घेऊन, आई उकिडवी बसून चमच्यानं ओली माती उकरत होती. नऊ दिवसांचे उपास करणारी, त्या दिवसांत घरात अंडंसुद्धा येऊ न देणारी माझी आई गांडुळं गोळा करत होती.

"व्हॉट इज दॅट आंटी डुइंग?" एकीनं विचारलं. "डिगिंग फॉर गोल्ड, इज इट?"

"हू नोज, लाह," मी म्हणाले.

आईनं वर पाहिलं. हाक मारायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं आणि ती पुन्हा माती उकरू लागली. मी लिफ्टनं वर गेले. दहा मिनिटांनी ती आली. डब्यात सात-आठ गांडुळं होती.

सहाव्या माळेला सकाळीच आम्ही खोकं घेऊन ब्लॉकमागच्या झाडांत गेलो. झाकण काढल्यावर तो काही वेळ नुसता बसला. मग एकदम उडाला. पंखांवरचे पांढरे पट्टे क्षणभर उघडले आणि माझ्या अंगावर काटा आला. माझे हात कधी जोडले गेले मला कळलं नाही. शेजारी आई त्याला म्हणाली, "ये हं." बरोबर तीन दिवस झाले होते.

पुढच्या आठवड्यात सिस्टरांनी निबंध दिला, तुम्ही स्वतः पाहिलेल्या ऑटमवर. दारात गळून पडलेला तो नवरंग हेच माझं ऑटम, असं धरून मी सगळं लिहिलं. फक्त आईच्या जागी मी होते. पक्षी मी उचलला. गांडुळं मी उकरली, मैत्रिणींदेखत, न लाजता. पक्ष्याला वारा लागू नये म्हणून तीन दिवस पंखाही मीच बंद ठेवला. सिस्टरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. बस स्टॉपवरून बरोबर आलेल्या त्या दोघींपैकी एकीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी बाकाकडे पाहिलं.

पालकसभेत सिस्टरांनी आईचे दोन्ही हात धरले. मी मध्ये बसले होते, पळायला जागा नव्हती. "तुमच्या मुलीनं एका पाखरासाठी या उकाड्यात तीन दिवस पंखा लावला नाही," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्या संतांनी याहून वेगळं काय केलं?"

आईला पंखा कशासाठी बंद होता ते माहीत होतं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

"येस, सिस्टर," ती म्हणाली. "शी इज लाइक दॅट ओन्ली."

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली आणि म्हणाली, "तो निबंध वाच. मराठीत सांग मला."

मी वही काढली. गांडुळांपाशी आले आणि म्हणाले, "मग आईनं माती उकरली."

"असं लिहिलंयस?"

"नाही."

"मग लिहिलंयस तसं वाच."

मी लिहिलं होतं तसं वाचलं. मी उचलला, मी उकरली, मी बंद ठेवला. ती मान खाली घालून काड्या बाजूला करत राहिली. शेवटी मी वाचलं, "मग मी त्याला निरोप दिला."

"काय म्हणून?"

"गुडबाय."

"पाखराला कुणी असं म्हणतं का? 'ये' म्हणायचं असतं. तेवढं सुधार."

बाकीचं तिनं मला देऊन टाकलं होतं.

डिसेंबरच्या सुट्टीआधी सिस्टर कायमच्या परत निघाल्या. आम्हाला फाटकापाशी रांगेत उभं केलं होतं. मी सगळं सांगायचं ठरवून आले होते, वाक्यंही पाठ केली होती. त्यांनी माझ्या हातात एक लाल, दाबून वाळवलेलं बदामाचं पान ठेवलं आणि माझी वाक्यं गेली.

"कम, सिस्टर," माझ्या तोंडून निघालं.

त्या थांबल्या. "कम व्हेअर, चाइल्ड?"

मागची मुलगी पुढे सरकली आणि मला बाजूला व्हावं लागलं. ते पान अजून माझ्याजवळ आहे. ते आईला दाखवायचं राहून गेलं असं मी स्वतःला सांगते, पण तेही खरं नाही.