लेकरं आत बसतील अशी गाडी

सकाळच्या एसटीत चढले तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात दुधाचा रिकामा कॅन. कंडक्टरने कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, याचं हाफ काढू का फुल?"

सगळी गाडी हसली. मी म्हटलं, "मांडीवर घेते, दादा. मांडीवरच्या लेकराला कुठं तिकीट असतंय?" तो हात जोडून पुढे गेला.

कॅन कशासाठी, ते सांगते. आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. यंदा पावसाने दगा दिला, वैरण संपली आणि गावचं दूध जवळजवळ निम्म्यावर आलं. एवढ्याशा दुधासाठी आडवाटेला यायला शीतकेंद्राची गाडी तयार होईना. मग आमच्या दूध संस्थेने ठरवलं, गावातल्याच कुणीतरी पिकअप घ्यावी आणि रोजचं दूध केंद्रावर पोचवावं. हे काम आमच्या वाट्याला आलं. गाडी मिळाली नाही तर संकलन बंद, आणि दुष्काळात बायांच्या हातात पडणारा पैसा तेवढाच. शिवाय तीच गाडी शेताला, तीच घरच्यांना हिंडायला. गाडीत कॅन किती बसतील याच्या तोंडी मापावर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून कॅनच बरोबर घेतला.

सोबत सासूबाई होत्या आणि आमचे हे, म्हणजे मिलिंद. समोर नाव घेतलं की सासूबाई डोळे वटारतात, म्हणून इथे लिहून हौस भागवते. लेकरं शेजारी ठेवली होती.

गेवराईला उतरलो. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकामागे धुळीची भिंत उठत होती. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात एक पांढरी पिकअप उभी होती, मागे लांबलचक उघडा हौदा असलेली. मिलिंद खडू घेऊन वर चढला. कॅन ठेवायचा, बुडाभोवती खडूने गोल काढायचा, कॅन सरकवायचा, पुन्हा गोल. बघता बघता हौदाभर गोल झाले.

"वीस बसत्यात!" तो वरूनच ओरडला. सध्या आमचे दहाच कॅन भरतात, पण पाऊसपाणी बरं असलं की अठरापर्यंत जातात. त्याचा चेहरा खुलला होता.

विकणारा म्हणाला, "आन् घरच्यांचं काय? पुढं तिघं, बाकीची मागं. गादी टाका, ताडपत्री बांधा. लेकरं हवा खात जातील."

"माझी लेकरं हौद्यात बसणार न्हाईत," मी म्हटलं.

"अगं, कधीमधीच की," मिलिंद म्हणाला. "कावून (कशासाठी) एवढं चिडायलीस?"

माझं डोकंच सटकलं. "कावून? तुमी बसलात का कधी हौद्यात? मी बसलेय!"

आणि मग त्या आवारात, चार परक्या माणसांसमोर, मी सगळं बोलून टाकलं. माझं माहेर शिरूर कासारचं. दिवाळी सरली की आमचे आईबाप ऊसतोडीला निघायचे. ट्रकात खाली भांडी, सरपण, पिठाची पोती आणि त्यावर माणसं. आई पदराचं एक टोक माझ्या कमरेला बांधायची, दुसरं भावाच्या. ब्रेक लागला की आम्ही तिघं एकदम घसरायचो आणि आई दोन्ही हातांनी दोर धरायची. कारखाना येईपर्यंत तिने डोळा मिटलेला मी कधी पाहिला नाही. अजूनही ट्रकामागे बसलेली लेकरं दिसली की मी आधी त्यांच्या कमरेला काही बांधलंय का ते बघते.

विकणाऱ्याने घसा खाकरला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी बी न्हाई बसणार मागं. सून म्हणती तेच खरं." लग्न झाल्यापासून त्यांनी माझी बाजू घेतल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

स्टँडवर चहा घेताना मिलिंद म्हणाला, "लेकरांचं बरोबर हाय तुझं. पण उद्या दूध वाढल्यावर कॅन मी डोक्यावर नेऊ का? कुणाच्या दुधाला न्हाई म्हणायचं?" त्याचंही खोटं नव्हतं.

धारूरला एका चाचांची डबल केबिन विकायची आहे, असं ओळखीतून कळलं होतं. म्हणजे आत दोन ओळी सीट आणि मागे आखूड हौदा. बीडला गाडी बदलली. पुढे बालाघाटचे डोंगर लागले. सीताफळीच्या फांद्या उघड्याबोडक्या होत्या, ओढ्यांत नुसते गोटे. लांबून धारूरच्या किल्ल्याची भिंत दिसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लई उन्हात उभा हाय बिचारा."

चाचांनी खाट टाकली. त्यांच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. भाजीपाला बंद, म्हणून गाडीही बंद. तरी चाचींनी पाण्याचे तांबे काठोकाठ भरून आणले. मी संकोचाने अर्धंच पाणी प्यायले, तर त्या म्हणाल्या, "पी बेटी, पुरं पी. टँकर आलता सकाळी." वर येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या पिठाची), ज्वारीची भाकरी आणि कांदा. गाडी घ्यायची की नाही हे कुणी विचारलंसुद्धा नाही, आधी जेवा म्हणाले. अशा साली परक्याच्या घरी पोटभर पाणी मिळालं, हे मी विसरणार नाही.

मग खडू निघाला. मिलिंदने गोल काढले, पुसले, तिरके काढून पाहिले. बारा. कितीही सरकवलं तरी बारा. तो हौद्याच्या मागच्या उघडलेल्या फाळक्यावर बसला.

"आज भागंल. पण पाऊस झाला, दूध वाढलं, मग काय करायचं?"

"मग दोन खेपा मार, मर्दा!" सासूबाई कडाडल्या. "दूध लई झालं म्हणून कुणी रडलंय का आजवर?"

चाचा खाटेवर मागे रेलून हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिलिंदही हसला, पण त्याचा स्वभाव चोख. त्याने तिथूनच संस्थेच्या अध्यक्षबाईंना स्पीकरवर फोन लावला आणि सगळी अडचण सांगितली.

"जय भीम, मिलिंदभाऊ," त्या म्हणाल्या. "पयल्या खेपेला कुणाचं दूध आन् दुसरीला कुणाचं, यावरून आमी बाया भांडू की! ते भांडण तरी एकदा होऊ द्या. घ्या गाडी."

माझा जीव भांड्यात पडला. चाचांनी मिलिंदला घाटातून एक चक्कर मारायला लावली, गाडी कुठे कुरकुरते तेही स्वतःहून दाखवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "कागदाचं सावकाश करू. चार दिस चालवा, पसंत पडली तर ठेवा." ओळख किती, तर एका जेवणाची.

परतताना वाट वाकडी करून माझ्या माहेरी, शिरूरला थांबलो. आई तोडीवरून नुकतीच आली होती. तिला चार दिवस आपल्याकडे नेऊ, असं मिलिंदनेच सुचवलं. आईने गाडीवरून हात फिरवला, बोचकं (कपड्यांचं गाठोडं) हौद्यात टाकलं आणि मी वळून बघेपर्यंत मागच्या टायरवर पाय देऊन वर चढायला लागली.

"आई, तिकडं कुठं?"

"मी बसते की मागं. मला सवय हाय. तुमी बसा आत."

मी तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि केबिनचं मागचं दार उघडलं. तिने सीटकडे पाहिलं, मग विहारात जाताना काढावी तशी पायातली चप्पल काढून रस्त्यावर ठेवली. आत बसली तीही अंग चोरून, पाय पोटाशी घेऊन.

मिलिंद खाली उतरला. त्याने चपला उचलल्या, धूळ झटकली आणि आत तिच्यापाशी ठेवल्या. "मामी," तो आईला म्हणाला, "पाय सोडून बसा. गाडी आपली हाय."

गाव येईपर्यंत मी आभारच मानत होते. चाचींच्या तांब्याचे, अध्यक्षबाईंचे, सासूबाईंच्या जिभेचे आणि चपला उचलणाऱ्या माझ्या नवऱ्याचे. पण मोठ्याने एवढंच म्हणाले, "अहो, जरा सावकाश घ्या. आई आत बसलीय."