एका मशीनवर चौघी

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "भंडाऱ्यात तुम्ही चौघी एकत्र राहायच्या, तर भांडणं कशावरून व्हायची गं? स्वयंपाकावरून?"

मी म्हटलं, "स्वयंपाकावरून एकदाही नाही. कपड्यांवरून!"

आणि मग सांगत सुटले. या किस्स्यांचं असंच असतं. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या खालून दुसरा डोकं वर काढतो, आणि ऐकणारीचा चहा गार होतो.

तर आमचं घर म्हणजे वरचा मजला. दोन खोल्या, बाथरूम, समोर मोकळी गच्ची आणि गच्चीवर दोन तारा. खाली घरमालकीण काकू आणि काका. बाथरूमच्या दाराशी कपडे धुवायची एक सेमी-ऑटोमॅटिक मशीन, आधीच्या भाडेकरूंनी मागे ठेवलेली. मी आंबागडची, एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर. रेखाताई नर्स, आमच्यात सगळ्यात मोठ्या आणि अंगानंही भरभक्कम. ज्योत्स्ना पवनीची, शाळेत शिकवायची. आणि शेवटी आलेली छाया. तिचं नंतर सांगते.

*

पहिलं भांडण रेखाताईंच्या युनिफॉर्मवरून झालं.

ज्योत्स्नाला स्वच्छतेचं भारी वेड. मशीन लावायच्या आधी ती आतून पुसायची, लावून झाल्यावर परत पुसायची. एका रविवारी तिनं झाकण उघडलं तर आत रेखाताईंचा पांढरा युनिफॉर्म.

"ताई, दवाखान्याचे कपडे यात नोको."

"काहून?"

"कोणाकोणाचं काय काय लागलेलं राह्यते त्याले! आम्ही त्यातच आमचे कपडे धुवायचे का?"

रेखाताईंनी युनिफॉर्म बाहेर काढला, बादलीत टाकला आणि हातानं धुतला. तेव्हापासून त्यांची बादली वेगळी, साबण वेगळा, तारेचं टोकही वेगळं. घरात बोलणं चालायचं, पण मोजकंच. "दूध आलं का?" "आलं." एवढंच!

मग पावसाळ्यात ज्योत्स्नाच्या बाबांना पवनीहून दवाखान्यात आणलं. उलट्या थांबत नव्हत्या. नेमकी रेखाताईंचीच ड्युटी. मी आणि ज्योत्स्ना वॉर्डात पोचलो तेव्हा ताई बाबांना पाठीमागून धरून बसल्या होत्या. बाबांना पुन्हा उबळ आली आणि सगळं ताईंच्या अंगावर. बाबा बिचारे हात जोडायला लागले. ताई म्हणाल्या, "हात कायले जोडता बाबा? होऊ द्या मोकळं."

ज्योत्स्ना दारातच उभी राहिली. आत गेलीच नाही बराच वेळ.

बाबा वाचले. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले तर ज्योत्स्ना गच्चीवर उकिडवी बसून ताईंचा युनिफॉर्म ब्रशनं घासत होती. ताई दारात उभ्या.

"अवं, एवढं कायले घासतं? मशीनमध्ये टाक आता!"

ज्योत्स्ना मान वर न करता म्हणाली, "नाही ताई. मशीनमध्ये डाग निघत नाही."

*

त्या मशीनला एक खोड होती. ती झटका द्यायची!

काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "चप्पल घालून लावत जा पोरीहो, काही होत नाही." मग आम्ही चपला घालून, एका हातानं, अंग चोरून बटण फिरवायचो.

एका सकाळी ज्योत्स्ना घाईत होती. शाळेत तपासणी होती. तिनं मशीन चालू असतानाच पाण्यात हात घातला, ओढणी अडकली होती ती सोडवायला. मी तिथंच दात घासत होते. मला फक्त "हं" असा आवाज आला. पाहते तर ज्योत्स्ना मशीनवर वाकलेली, डोळे उघडे, तोंड उघडं, आणि हात काही निघेना.

मी ब्रश टाकून धावले. तेवढ्यात ताई आतून ओरडल्या, "हात लावू नोको तिले! तूही चिपकशील!"

मी जागीच थिजले. त्यांनी कोपऱ्यातली कपडे धोपटायची लाकडी मोगरी उचलली आणि प्लगच्या वायरीखाली घालून असा झटका मारला की प्लग भिंतीतून निघून गच्चीवर जाऊन पडला. ज्योत्स्ना धाडकन खाली.

ताईंनी तिची नाडी धरली. मी पाणी मारलं. काकू खालून "काय झालं, काय झालं" करत आल्या. ज्योत्स्नाचे ओठ पांढरे पडले होते. मग तिनं डोळे उघडले. मशीनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"मशीन कोणं बंद केली वं? कपडे अर्धेच धुतले!"

काकूंनी त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला. तो म्हणाला, "या घराले अर्थिंगच नाही बाप्पा!"

*

काकूंचा एक नियम होता. आतले कपडे रस्त्याकडच्या तारेवर घालायचे नाहीत. "लोकं पाह्यतात. काकाही अंगणात बसून राह्यतात." मग ते कपडे बाथरूममागच्या काळोख्या बोळीत, वर ओढणी झाकून वाळायचे. वाळायचे कसले, आंबायचे! मला त्यातून खाजेचा त्रास सुरू झाला. लाजेनं कोणाला सांगेना. शेवटी ताईंनीच ओळखलं आणि तडक खाली गेल्या.

"काकू, ओले कपडे घालून घालून पोरगी आजारी पडून राहिली. उद्यापासून सगळे कपडे उन्हात वाळतील. नसन चालत तं तसं सांगा, आम्ही दुसरी खोली पाहतो."

काकूंचा चेहरा लाल झाला. आम्ही वर जीव मुठीत धरून बसलो. भंडाऱ्यात एकट्या बायांना खोली मिळणं सोपं नाही. काकू आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. पण "चालणार नाही" असंही म्हणाल्या नाहीत. आम्ही कपडे उन्हात घालायला लागलो.

मग एके दिवशी मी गच्चीवर गेले तर आमच्या कपड्यांच्या रांगेत एक मोठा परकर आणि दोन ब्लाउज. मागे वळले तर काकू.

"काका म्हणाले, वरच्या पोरीहीचे कपडे उन्हात वाळतात, मंग तुह्येच काहून आंबून राहिले?"

*

आता छाया.

छाया आली ती एका पिशवीनिशी. एका टेलरिंगच्या दुकानात ब्लाउज शिवायला लागली होती. बोलायची कमी. तिचे मोजके कपडे ती पहाटे हातानं धुवायची आणि खोलीतच खाटेवर दोरी बांधून वाळवायची. खोलीभर कुबट वास. ज्योत्स्ना वैतागली. "बाहेर एवढं ऊन पडलं आहे, तुले घरातच काहून वाळवा लागते?"

रात्रीच्या जेवणाला छायानं बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण. "नवऱ्यानं केलं," ती म्हणाली. "तो गाडी चालवते. भंडाऱ्यातून येणं-जाणं असते त्याचं. माह्ये सगळे कपडे ओळखते तो."

पुढे महिने गेले. तो काही आला नाही. छाया थोडी हसायला लागली. एका रविवारी तिनं आपला हिरवा कुर्ता स्वतःहून गच्चीवरच्या रस्त्याकडच्या तारेवर घातला. आम्ही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आणि त्याच रविवारी दुपारी जिन्यावर बुटांचा आवाज आला.

खालून काकू ओरडत होत्या, "ओ दादा, वर बाया राह्यतात!" तो ऐकेल तर ना. चांगला उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. "छाया इथं राह्यते का?"

छाया बाथरूममध्ये कपडे धूत होती. नळाचा आवाज एकदम थांबला. ज्योत्स्नानं काही न बोलता मशीनचं बटण फिरवलं आणि बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. मशीन घरघरायला लागली.

"इथं कोणी छाया नाही," मी म्हटलं.

तो तारेपाशी गेला. हिरव्या कुर्त्याची बाही बोटांत धरली. "हा मीच घेतला होता. लाखनीच्या बाजारातून."

"तो माह्या आहे," रेखाताई म्हणाल्या.

त्यानं ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसला. "तुमचा? मंग घालून दाखवा."

ताईंनी कुर्ता त्याच्या हातातून ओढून घेतला. ओलाच होता अजून. आत गेल्या, दार लावलं. बाहेर मी, ज्योत्स्ना आणि तो. मशीन घरघरतेय. तो बाथरूमच्या दाराकडे पाहतोय. ज्योत्स्ना जागची हलत नाही. आतून टर्रकन शिवण उसवल्याचा आवाज आला.

दार उघडलं. ताई बाहेर आल्या. कुर्ता अंगाला असा चिकटला होता की हात खाली येत नव्हते. दोन्ही काखांत उसवलेला. त्या सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाह्यलं? बायांचे कपडे तपासाले आला होता ना? मंग नीट पाह्य."

त्याला कळलं होतं. ताईंनाही माहीत होतं की त्याला कळलं आहे. पण तोवर काका आणि शेजारची दोन माणसं जिन्यात येऊन उभी राहिली होती. तो म्हणाला, "तिले सांगा..."

"कोणाले?" ताई म्हणाल्या.

तो जिना उतरून गेला.

मशीन बंद केल्यावर बाथरूमचं दार उघडलं. छाया नखशिखांत भिजलेली. ताईंचे हात अजून तसेच, अधांतरी. त्या म्हणाल्या, "छाया, कैची आण वं. काप हे, मले श्वास घेता येऊन नाही राहिला."

छायानं कैची आणली, पण कापड कापलं नाही. ताईंच्या पाठीमागे उभी राहून टाका टाका उसवत गेली. ताईंना एकदाही टोक लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी आणि काकू तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. तिनं तक्रार दिली. बोलताना एकदाही खाली पाहिलं नाही.

संध्याकाळी ती दुकानातून आली ती कुर्ता घेऊनच. दोन्ही बाजूंना हिरव्याच कापडाच्या रुंद पट्ट्या जोडलेल्या, बाह्या मोठ्या केलेल्या, इस्त्री केलेली. तिनं तो रेखाताईंच्या मांडीवर ठेवला.

"घ्या ताई. आता कोणी इचारलं तं खोटं नाही बोला लागत."