आक्का आणि दाराकडं कललेला घट

आक्का गेल्याची तार सदलग्याला आली तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. तार वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनलाच मी दटावलं, "नीट वाचा, आजारी असंल." कारण कुठलंही काम अर्ध्यावर टाकून जाणारी बाई ती नव्हती, आणि तिच्या शाळेतल्या मुलींची वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. विषमज्वरानं तेवढाही दम धरला नाही. आता महिना उलटला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी निरोप धाडला, 'बाईंच्या कार्याविषयी लिहा.' कार्य वगैरे त्यांनी शाळेला विचारावं. मला ठाऊक आहे ती शहापुरातल्या एका विणकराची थोरली लेक गोदा, माझी आक्का, जिनं चौदाव्या वर्षी देवीचा कौल गव्हाच्या कोंबांवर तपासून पाहिला.

आमच्या घरी नवरात्रात घट बसे तो माजघराच्या आतल्या कोपऱ्यात. समोर रस्त्याचं दार, आणि समईही त्याच अंगाला. घरात पिढ्यानपिढ्या एक समज होता, की घटातले कोंब दसऱ्याला दाराकडं कलले तर लग्नाची लेक त्या साली दाराबाहेर पडते. आता उजेड यायला दार तेवढं एकच, तेव्हा कोंब दरसाल तिकडंच कलायचे. पण घरात लग्नाची मुलगी नसली की त्याकडं कुणाचं लक्ष जात नसे, आणि असली की कौल मिळे! आज हे लिहिताना हसू येतं... त्या साली मात्र आम्ही दोघी उठल्या-बसल्या घटाकडंच बघत होतो. आक्का इंग्रजी शाळेत जात होती, मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचं हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि सदलग्याहून तिला स्थळ सांगून आलं होतं. आप्पा, आमचे वडील, म्हणाले होते, "घट काय म्हणतोय बघू, मग बोलू."

सहाव्या माळेलाच कोंबांनी मान दाराकडं वळवली. आई भाबडी होती, पण घटाशेजारी इतकी वर्षं बसून तिनंही काही पाहिलं असणार. आप्पा बाहेर गेल्यावर ती हळूच आक्काला म्हणाली, "दार लोटून घेऊ का गं? समई पल्याडच्या अंगाला ठेवते."

"नको आई," आक्का म्हणाली. "दिवा सरकवून ह्या साली सुटंन. पुढल्या साली पुन्ना तेच. आप्पांना दाखवूनच सुटायचं."

दसऱ्याला आप्पांनी कौल मान्य केला. आक्का रडली नाही, जेवणही टाकलं नाही, उलट दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आमच्या दोन मागांपैकी एक तेव्हा बंद होता. त्याच्या पावड्यांचा खड्डा, ज्यात विणकर पाय सोडून बसतो, तो तिनं झाडून घेतला, तीन बोळक्यांत गहू पेरला आणि वरून फळ्या टाकून अंधार केला. कोंब वर आले, अजून पान फुटलं नव्हतं, तेव्हा एका बोळक्यातल्या कोंबांचे शेंडे तिनं काळ्या दोऱ्यानं गुंडाळले. दुसऱ्यातल्यांना तोच दोरा खाली बुडाशी गुंडाळला. तिसरे उघडे ठेवले. मग खड्ड्यात, दाराच्या बरोबर उलट्या अंगाला, कंदील लावून ठेवला. रॉकेलसाठी आईनं काय सबब सांगितली ते तिचं तिला माहीत.

फळ्या काढून तिनं आप्पांना बोलावलं तेव्हा मी तिच्या पदराला धरून उभी होते. उघडे कोंब दाराकडं पाठ करून कंदिलाकडं वाकले होते. बुडाशी दोरा होता तेही वाकले होते. शेंडा झाकलेले मात्र सरळ उभे, जणू त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"देवीची परीक्षा घ्यायला लागलीस व्हय गं?" आप्पांचा आवाज चढला.

"देवीची न्हवं आप्पा, गव्हाची. उजेड शेंड्याला कळतोय, आनि वाकतंय खालचं अंग."

आप्पा खड्ड्याशी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मागावर जाऊन बसले आणि दिवसभर धोटा असा काही खडाखड मारला की शेजारी विचारायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सदलग्याला निरोप धाडला, "पोरगी शिकतीया." तिचं बरोबर आहे, असं मात्र तोंडातून काढलं नाही... तेव्हाही नाही, नंतरही नाही. दोन-तीन वर्षांनी तेच स्थळ मला आलं. माझ्या वेळी घट कुणी बघितला नाही. शाळेच्या कंटाळ्यानं मी स्वतःच दाराकडं कलले होते.

आक्का मास्तरीण झाली, बेळगावात मुलींच्या शाळेत लागली आणि अनगोळात खोली करून राहिली. एकदा मी गेले तर ताटात चायना ग्रासच्या जेलीसारख्या वड्या थापलेल्या. साखर घालायची राहिली असं वाटून मी डबा उघडला, तर ती ओरडलीच, "अगं, त्यावर शेंडे ठेवलेत!" खुडलेल्या शेंड्यांतला रस त्या वडीत उतरतो, आणि ती वडी बिनशेंड्याच्या कोंबावर एका बाजूला ठेवली की कोंब अंधारातही वाकतो, हे तिनं मला दाखवलं. इंग्रजी पुस्तकात त्या रसाला ऑक्सिन म्हणतात. "उजेड काय दोरी लावून वढत न्हाय गं," ती म्हणाली. "सावलीच्या अंगाला रस जास्ती उतरतोय. ती बाजू लांब हुतीया, म्हणून रोप वळतंय." वाढ सावलीकडं जास्त होते, हे ऐकून मला एकदम आप्पा आठवले, तिला कौतुकाचा उजेड कधी न दाखवलेले. तिलाही आठवले असावेत. दर उन्हाळ्यात ती त्यांना शाळा बघायला बोलवी, आणि ते म्हणत, "मागावरनं उठाय येळ कुठाय?" तिला ते लागायचं. फार लागायचं. तरी पुढल्या वर्षी ती पुन्हा बोलवायचीच.

आक्काचा चौदावा दिवस झाल्यावर आप्पा मला म्हणाले, "चल, शाळंत जाऊ." सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढला. आम्ही तिचं सामान आणायला गेलो होतो. वर्गात पाहतो तर मुली जमिनीवर बोळकी मांडून बसलेल्या. बाईंनी निम्मा शिकवलेला धडा त्यांनी आपणच पुढं चालू ठेवला होता. एका मुलीच्या हातून दोरा गुंडाळताना कोंब मोडत होते आणि ती रडकुंडीला आली होती. आप्पा तिच्यापुढं मांडी घालून बसले.

"दोऱ्याला पीळ लई हाय. आदी पीळ सोडव... आन हिकडं."

त्यांची बोटं आता कापतात, पण दोरा हातात आला की थांबतात. त्यांनी एक कोंब गुंडाळला, दुसरा गुंडाळला. मला रडू आवरेना, मी खिडकीकडं तोंड केलं.

"आजोबा," ती मुलगी म्हणाली, "पण ह्यानं काय हुतंय, ठावं हाय का तुमास्नी?"

"शेंडा झाकला की त्याला दार दिसत न्हाय. मग ते सरळ वाढतंय."

"कुणी सांगितलं?"

आप्पांनी तिसरा कोंब हातात घेतला.

"तुमच्याच बाईंनी. तुमच्या लई आदी."