अर्धाच ऐकलेला तेलुगू बोलपट

तेलुगू बोलपट मराठीपेक्षा सरस असतात, असं मी पोलादपुराकडच्या आमच्या वाडीत पहिल्यांदा म्हणालो तेव्हा लोक हसले. हसोत बापडे. मी मुंबईच्या गिरणीत सांचा, म्हणजे कापडाचा माग, चालवणारा. सुटीच्या दिवशी शिनेमा पाहिल्याशिवाय मला जेवण जात नसे. मराठी बोलपटातली माणसं पुण्याचं बोलत, आणि हाय-नाय करणारा आमच्यासारखा गडी पडद्यावर आला की तो हसण्यापुरताच. हिंदीतला नायक मरता मरता एवढं लांबलचक गायचा, की धडधाकट माणसाला दम लागावा. तेलुगूचं मला अक्षर कळत नव्हतं, म्हणून मी नुसते चेहरे बघायचो, आणि ते चेहरे मला खरे वाटत. शेजारच्या सांच्यावरचा तेलंगी विणकर सोबत असे. तो अधूनमधून कानात अर्थ सांगे, तेवढा पुरे.

आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकली की मुंबईहून आलेल्याने पाहिलेला शिनेमा सगळ्या वाडीला सांगायचा, अशी रीतच पडली होती. त्या वर्षी मी तेलुगू सांगितला. पोरकी मुलगी, तिला वाढवणारा मामा, दोघांचं लग्न लावायला निघालेला गाव आणि दुथडी भरलेली नदी. मी पुराचं पाणी असं काही चढवलं की पुढे बसलेल्या बाया पदर आवरून मागे सरकल्या. मग मामा हार घेऊन भाचीसमोर उभा राहतो, इथवर आलो आणि वाडीचा म्होरक्या उठला.

"मामा-भाचीचं लगीन? आनि ह्ये देवाच्या म्होरं सांगतोस?"

"त्यांच्यात चालतं," मी म्हणालो. "फुडचं तर ऐका."

"फुडचं नाय नि मागचं नाय. गप बस."

मी गोष्ट तिथेच सोडली, पण प्रकरण मिटलं नाही. माझ्या विधवा बहिणीच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि तिचा सख्खा मामा मी एकटाच. तिला अंगाखांद्यावर मीच खेळवलेली. चार दिवसांनी गावकीचा निरोप आला: असल्या शिनेमाला चांगला म्हणणारा मामा पाटामागे नको. शिनेमा वाईट होता असं चारचौघांत कबूल कर, मग उभा राहा.

बहिणीने हात जोडले. "म्हन की रं वाईट व्हता. तुझं काय जातंय?"

माझं सगळं जात होतं. पुढची गोष्ट सांगितली असती तर म्होरक्याचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. पण ज्यांनी ऐकून घेतलं नाही, त्यांच्या पायाशी मी शेवट नेऊन ठेवणार नव्हतो. शिनेमा चांगलाच होता आणि तुम्ही तो अर्धाच ऐकलात, असा उलटा निरोप मी धाडला.

लग्नाच्या दिवशी मी मांडवाबाहेर चुलाणात लाकडं सारत बसलो. भाची पाटापाशी आली आणि थांबली.

"मामा आल्याबिगर मी पाटावर पाय ठेवनार नाय," ती म्हणाली.

भटजी घाई करू लागले, नवऱ्याकडचे कुजबुजू लागले. मुहूर्त टळायला आला तेव्हा म्होरक्यानेच तोंड फिरवून मला हाताने खूण केली. मी हात धोतराला पुसले आणि छाती काढून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. वाटलं, जिंकलो.

मंगलाष्टकं सुरू झाली. मान न वळवता ती हळूच म्हणाली, "मामा, त्यो हार घेऊन हुबा ऱ्हायला. मग?"

"मग त्यानं तिला इचारलं, तुला ह्ये लगीन पायजे का," मी पुटपुटलो. "ती नाय म्हनली. त्यानं हार नदीत सोडला आनि तिला होडीत बसवून पल्याड पोचवलं."

आमच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या.

"तिला इचारलं तरी," ती म्हणाली. "मला तर तूबी नाय इचारलंस."

भटजींनी अंतरपाट काढला, आणि माझ्या भाचीने हार उचलला.